पोत्यावरचं गाव

सिमेंटचं पोतं कधी वाचलंय तुम्ही? नाही ना? शाम्पूची बाटली आपण वाचतो, चिप्सच्या पाकिटामागच्या कॅलरीज वाचतो, मॉलमधल्या शर्टाचं लेबल उलटंसुलटं करून वाचतो. पण सिमेंटचं पोतं? छे! ती बिल्डरची डोकेदुखी. आपला संबंध एकदम पझेशनच्या दिवशी, तोही चावी आणि पेढ्यांपुरता.

तर पुढच्या वेळी सोसायटीच्या आसपास कुठे बांधकाम चालू असेल, तर जरा वाकून बघाच. बऱ्याच पोत्यांवर ठळक तीन अक्षरं दिसतील : पीपीसी. फुलफॉर्म पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. यातलं पोर्टलँड हे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं बेट. तिथल्या दगडासारखा दिसतो म्हणून १८२४ मध्ये पेटंट घेताना सिमेंटला त्याचं नाव दिलं गेलं. आणि पोझोलाना? ते आलं पोत्सुओली नावाच्या गावावरून. इटलीतलं, नेपल्सच्या शेजारचं, समुद्रकाठचं जुनं बंदर.

म्हणजे बघा, तुमच्या-आमच्या वन बीएचकेच्या भिंतीत एक इटालियन गाव मुरलेलं आहे. आपण इटालियन मार्बल परवडत नाही म्हणून उगाच खंतावतो!

पलूस, व्हाया मामा

हा सगळा शोध मला लागला तो कुठल्या लायब्ररीत नाही, पलूसमध्ये. मामाच्या घराच्या साइटवर, सिमेंटच्या पोत्यावर बसून चहा पिताना.

पलूस कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी थोडा भूगोल. सांगली जिल्हा. कराडहून तासगावला निघालात की वाटेत लागतं. रेल्वेने आलात तर किर्लोस्करवाडी स्टेशन. हीच ती किर्लोस्करवाडी, जिथे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. पलीकडे भिलवडी, म्हणजे चितळ्यांच्या डेअरीचं गाव. औदुंबरला दत्तगुरू. नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. शिवारात ऊस आणि द्राक्षं. आणि या सगळ्याला वळसे घालत जाणारी कृष्णा.

ही कृष्णा पोस्टकार्डावर फार सुंदर दिसते. ऑगस्टमध्ये ती पोस्टकार्डात मावत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत बोटी फिरत होत्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनापेक्षा जास्त माणसं गेली. त्यात बायका जास्त होत्या. आम्ही पुण्यात बसून टीव्हीवर ते बघत होतो आणि मामाचा फोन लागत नव्हता. तो तिसऱ्या दिवशी लागला. मामा म्हणाला, ‘‘आम्ही शाळेत हाय. जनावरं सोडून दिली.’’ एवढंच. पुढे बोलला नाही.

मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. या वेळी घराची मागची भिंत बसली. जुनी पांढरी मातीची भिंत, आजोबांच्या हातची. तिच्यावर मामाने कोळशाने पाण्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या : २००५ ची कमरेएवढी, २०१९ ची त्याच्या डोक्याच्याही वर. तिसरी रेघ मारायला भिंतच उरली नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एकच विषय. घर परत जुन्या जागी, गावात, जोतं उंच करून बांधायचं? की वर, पलूसला, जिथे पाणी पोचत नाही तिथे?

हा प्रश्न जरा वेळ बाजूला ठेवू. कारण हाच प्रश्न पोत्सुओलीला गेली पन्नास-पंचावन्न वर्षं पडलेला आहे. आणि तिथे तर पाणी वर येत नाही. जमीनच वर येते!

उधारी, गहू आणि मसूर

आधी गावाची ओळख. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात सामोस बेटावरून परागंदा झालेल्या ग्रीकांनी हे गाव वसवलं. नाव ठेवलं दिकायार्किया, म्हणजे साधारण ‘न्यायाचं राज्य’. स्वतःच्या गावात न्याय मिळाला नाही की माणूस नव्या गावाला असंच नाव ठेवणार! पुढे रोमन आले. इसवी सनापूर्वी १९४ मध्ये त्यांनी इथे वसाहत केली आणि नाव झालं पुतेओली. काही म्हणतात ते विहिरींवरून आलं, काही म्हणतात गंधकाच्या वासावरून. लॅटिनमध्ये दोन्ही बसतं. आणि तिथे गेलेल्यांना विचाराल तर दुसऱ्याच अर्थाला मतं जास्त पडतील.

रोम शहराला स्वतःचं धड बंदर नव्हतं त्या काळात रोमची चूल पेटायची ती पुतेओलीच्या जिवावर. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून गव्हाने भरलेली जहाजं इथे लागायची. सेनेका या तत्त्वज्ञाने आपल्या एका पत्रात लिहून ठेवलंय की, अलेक्झांड्रियाच्या ताफ्याची शिडं लांबून दिसली की अख्खं गाव धक्क्यावर धावत सुटायचं. सेंट पॉल कैदी म्हणून रोमला नेला जात होता, तोही इथेच उतरला. बायबलमध्ये तशी नोंद आहे. आणि सम्राट कॅलिग्युलाने तर इसवी सन ३९ मध्ये इथून समोरच्या बायापर्यंत खाडीवर जहाजांचा पूल बांधून त्यावरून मिरवणूक काढली. त्या काळचा इव्हेंट मॅनेजमेंटचा कळसच!

पण मला यातला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे गायस नोवियस युनस. सम्राट नाही, संत नाही, सेनापती नाही. साधा धान्याचा व्यापारी. हप्त्यात अडकलेला.

झालं असं की, १९५९ मध्ये पॉम्पेईजवळ हायवेचं काम चालू असताना मेणाच्या पाट्यांचा एक ढीग सापडला. पुतेओलीत सावकारी करणाऱ्या सुल्पिकी मंडळींचं दफ्तर ते. कर्ज, गहाण, जामीन, कोर्टाच्या तारखा, सगळं रेकॉर्ड. त्यात आपला युनस. इसवी सन ३७ च्या जूनमध्ये त्याने १०,००० सेस्टर्स कर्ज घेतलं. तारण काय? गोदामातला अलेक्झांड्रियाचा गहू आणि वर हरभरा-मसुराची पोती. जुलैत पुन्हा आला, आणखी ३,००० घेऊन गेला. त्याने हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय आणि स्पेलिंगच्या इतक्या चुका केल्यात की आजचे भाषेचे प्राध्यापक त्या चुकांवर पेपर लिहितात. माणूस बोलायचा तसंच लिहायचा ना!

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा टॉप-अप लोन. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं की मला हल्ली युनस आठवतो. जरा बरं वाटतं.

राख की सोनं?

आता पोत्याकडे. पुतेओली बसलंय ते एका प्रचंड ज्वालामुखीच्या मुखात. डोंगर दिसत नाही, कारण हा ज्वालामुखी उभा नाही, आडवा पसरलेला आहे. नाव कांपी फ्लेग्रेई, म्हणजे जळती शेतं. त्यातून पडलेली राख आजूबाजूच्या जमिनीत थरच्या थर साठलीय.

रोमन गवंड्यांच्या लक्षात आलं की ही राख चुन्यात कालवली की काहीतरी वेगळंच घडतं. साधा चुना हवेवर सुकतो, पाण्यात टाकला की गेला. पण हे मिश्रण पाण्यात राहूनही घट्ट होतं. समुद्रात ओतलं तरी दगड! कारण सोपं आहे. राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी रासायनिक संयोग करतात आणि त्यासाठी पाणी लागतंच. त्यामुळे पाणी इथे शत्रू नाही, पार्टनर आहे. विट्रुवियस या रोमन वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात या पावडरचं भरभरून वर्णन केलंय. ही राख जहाजांतून पार इस्राएलच्या किनाऱ्यावर कैसारिया बंदर बांधायला गेली. एक्स्पोर्ट क्वालिटी माल!

आता आपल्याकडचं बघा. आपल्याकडे ज्वालामुखीचा खडक भरपूर, पण अशी राख नाही. मग आपल्या गवंड्यांनी काय केलं? भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घातली आणि बैलाच्या घाणीत दळली. रसायन तेच. जुन्या वाड्यांच्या, पुलांच्या बांधकामात हा चुना-सुरखीचा मसाला असायचा. म्हणजे पोत्सुओलीचा फॉर्म्युला आपल्याकडेही होता, फक्त ब्रँडनेम नव्हतं.

आणि आज पोत्यात जी पीपीसी येते तिच्यात इटलीची राख अर्थातच नसते. असते ती औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख, फ्लाय अॅश. वीज तयार करताना उरलेला कचरा. तो चुन्याशी तसाच वागतो म्हणून त्यालाही पोझोलानाच म्हणायचं. एखाद्या गावाचं नाव गुणाचं नाव होतं ना, तसं. आपल्याकडे नाही का पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच!

मामाच्या गवंड्याला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, सिमेंट कुठलंबी असू द्या. सात दिवस पाणी मारलं पाहिजे बघा.’’ विट्रुवियसने यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

मंडईतली पाण्याची रेघ

पोत्सुओलीत धक्क्यापासून जवळच एक खोलगट चौक आहे. आत पडक्या भिंती आणि मधोमध तीन उंच संगमरवरी खांब. १७५० मध्ये इथे खोदकाम झालं, सेरापिस देवाची मूर्ती निघाली आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे सेरापिसचं देऊळ. नंतर कळलं, देऊळ नव्हे, ही तर रोमन मंडई! मॅसेलम. मासे, मटण, भाजीपाला. आपल्याकडे मंडईत गणपती बसतो, त्यांच्याकडे मंडईत सेरापिस. बात एकच.

पण लोक तिथे जातात ते त्या तीन खांबांसाठी. खांबांचा खालचा भाग गुळगुळीत. मग माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर एक काळपट, खडबडीत पट्टा. त्याच्यावर पुन्हा गुळगुळीत. जवळून पाहिलं तर त्या पट्ट्यात असंख्य भोकं. दगड पोखरून आत राहणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली.

आता डोकं चालवा. समुद्रातले शिंपले जमिनीवर उभ्या असलेल्या खांबाच्या इतक्या वर कसे पोचले? म्हणजे हे खांब कधीतरी समुद्रात बुडाले होते. आणि मग पुन्हा वर आले. तेही न पडता, उभेच्या उभे! चार्ल्स लायल या ब्रिटिश भूवैज्ञानिकाला हे इतकं पटलं की, १८३० मध्ये त्याने आपल्या भूशास्त्राच्या गाजलेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. पृथ्वी हळूहळू, सतत बदलत असते याचा त्याच्यासाठी हा चालताबोलता पुरावा.

मी त्या खांबांचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मामाची भिंत आठवली. कोळशाच्या रेघांची. फरक एवढाच की, तिथे रेघ मारायला शिंपले आले आणि इथे मामा.

तिथल्या या प्रकाराला नाव आहे ब्रॅडिसिझम, म्हणजे जमिनीचं संथ हलणं. खाली खोलवर वायू, गरम पाणी आणि त्याखाली शिलारस. दाब वाढला की जमीन फुगते, दाब सुटला की खचते. जणू गावाखाली कुणीतरी झोपलंय आणि श्वास घेतंय. १५३८ मध्ये एकदा त्याला ठसका लागला आणि आठवड्याभरात शेजारी एक नवाकोरा डोंगर उभा राहिला. त्याचं नावही नवा डोंगर, मोंते नुओवो.

जायचं की राहायचं?

आता पुन्हा तो प्रश्न.

पोत्सुओलीचं सर्वात जुनं वस्तीस्थान म्हणजे रिओने तेर्रा. समुद्रात घुसलेल्या टेकाडावरच्या बोळांची वस्ती, आपल्या पेठांसारखी. १९६९-७० मध्ये जमीन भराभर वर यायला लागली, भिंतींना तडे गेले. २ मार्च १९७० ला पोलीस आणि सैनिक आले आणि वस्ती रिकामी करायला लावली. साधारण तीन हजार माणसं. हातात येईल ते घेऊन निघायचं. बरेच जण समजत होते, थोड्या दिवसांत परत येऊ. ती माणसं तिथे राहायला परत गेली नाहीत. कधीच.

मग १९८२ ते ८४. जमीन पुन्हा जवळजवळ पावणेदोन मीटर वर आली, भूकंपांचे हादरे सतत. या वेळी चाळीसेक हजार लोकांना हलवलं आणि त्यांच्यासाठी मागे, समुद्रापासून दूर, मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत बांधली. सरळ रस्ते, सारख्या इमारती. घर मिळालं. पण मासे मारणाऱ्याला खिडकीतून समुद्र दिसला नाही तर तो हवामान कशावरून ओळखणार?

आणि ज्या उद्रेकाच्या भीतीने हे सगळं केलं तो उद्रेक झालाच नाही. जमीन पुन्हा हळूहळू खाली बसली.

गोष्ट इथे संपली असती तर ‘बघा, उगाच हलवलं’ असं म्हणता आलं असतं. पण २००५ च्या सुमारास जमीन परत वर यायला लागली. आत्तापर्यंत जवळजवळ दीड मीटर. मच्छीमारांच्या छोट्या धक्क्यातलं पाणी ओसरून बोटी चिखलात टेकल्या. २० मे २०२४ ला ४.४ चा भूकंप झाला, चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. दीड हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. २०२५ मध्ये मार्चला आणि जूनला ४.६ चे दोन. तरीही पाऊण लाखाच्या आसपास माणसं तिथे राहतात, कॉफी पितात, लग्नं करतात, मुलांना शाळेत सोडतात.

वेडी आहेत का ही माणसं? हा प्रश्न मी मामालाही विचारला होता. म्हणजे इटलीबद्दल नाही, त्याच्याबद्दल. जरा सौम्य शब्दांत.

मामा म्हणाला, ‘‘पोरी, पाणी दहा-पंधरा वर्षांतनं एकदा येतं. रान रोजचं हाय. रानापासनं लांब ऱ्हायलं तर जनावरांना कोण बघायचं? आन् पाणी नुसतं घेऊन जात न्हाई, गाळबी टाकून जातं. ह्या मातीत उस असाच येतो व्हय?’’

लॉजिकमध्ये काही खोट आहे? पोत्सुओलीवाले तरी वेगळं काय म्हणतात? ज्या राखेने त्यांना बंदर दिलं, सिमेंट दिलं, सुपीक जमीन दिली, तीच त्यांना घराबाहेर काढते. कृष्णेचंही तेच. देणारी आणि नेणारी एकच.

पण मामी गप्प बसणाऱ्यातली नाही. भाकरी थापता थापता तिने एकच वाक्य टाकलं, ‘‘तुम्ही जनावरं सोडायला गोठ्यात गेला होता तवा पाण्यातनं म्हातारीला पाठीवर घेऊन मी गेले होते. पुढच्या टायमाला माझी पाठ ऱ्हाईल का, ते सांगा.’’

मामा काही बोलला नाही.

या वादात मला सगळ्यात खटकतं ते आपल्यासारख्यांचं बोलणं. दर पुरात आमच्या ऑफिसेसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘‘मग हे लोक तिथे राहतात कशाला?’’ बॉस, आपण मुंबईत भरतीच्या पाण्यात लोकल शोधत असतो, पुण्यात ओढ्यावर बांधलेल्या टॉवरचा ईएमआय भरत असतो. २६ जुलै २००५ नंतर कुणी मुंबई सोडली? आपण राहतो त्याला स्पिरिट म्हणायचं आणि ते राहतात त्याला अडाणीपणा?

दुसऱ्या बाजूने, जो वर जाऊन राहतो त्याला ‘गाव सोडलं’ म्हणून टोमणे मारणंही तितकंच चूक. माझ्या मते खरा प्रश्न राहायचं की जायचं हा नाहीच. प्रश्न आहे, ठरवणार कोण आणि ठरवायला वेळ किती मिळणार? रिओने तेर्रातल्या माणसांना एक दिवस मिळाला, तोही बंदुकधारी शिपायांच्या देखरेखीखाली. त्यांची जखम पन्नास वर्षांनी अजून ओली आहे, ती घर गेलं म्हणून नव्हे, विचारलं नाही म्हणून. आमच्या मामा-मामींना भांडायला दोन वर्षं मिळाली. दोन वर्षं भांडून त्यांनी जे ठरवलं ते त्यांचं आहे.

ठरलं ते असं. राहतं घर पलूसला, उंचावर. गावात जुन्या जागी फक्त गोठा आणि वर माळ्यावर एक खोली. मामा रोज सकाळी मोटरसायकलवर गावी जाणार, रान बघणार, संध्याकाळी परत. म्हणजे आमचा मामा पन्नाशीनंतर चक्क कम्यूटर झाला! फोनवर मला म्हणतो, ‘‘तुम्ही पुण्यात हेच करता का गं रोज? लय कटाळा येतो की.’’

कोल्हापूरचा पाहुणा

या सगळ्यात एक मस्त योगायोग राहिलाच. पोत्सुओली आणि आपण यांची ओळख सिमेंटच्या पोत्याने करून दिलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. १९४० च्या दशकात तिथल्या उत्खननात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात एक मूर्ती, वीतभरही उंच नसेल. दाढीवाला, पीळदार, त्रिशूळ धरण्यासाठी हात उचललेला. आपल्याकडचा कुठला देव? कुठलाच नाही. हा पोसायडन. ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव! सह्याद्री ओलांडून, समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी. त्याच्यासोबतच्या भांड्यांपैकी काही दक्षिण इटलीतल्या कंपानिया भागात घडवली असावीत असं अभ्यासक मानतात. आणि कंपानियाचं मोठं बंदर कुठलं? पुतेओली!

त्या काळी मॉन्सूनच्या वाऱ्यावर स्वार होऊन जहाजं तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला यायची. एका ग्रीक खलाशाने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, चौल यांची नावं आहेत. भडोचला काय काय खपतं याची यादीही आहे आणि त्यात पहिल्या पसंतीची वाइन कुठली, तर इटालियन. आपला पेज थ्री दोन हजार वर्षं जुना आहे म्हणायचा! प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर कुरकुर केलीय की, भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा प्लिनी नौदलाचा अधिकारी. पुतेओलीसमोरच्या मिसेनम तळावर होता आणि ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकातच गेला.

आता चक्र बघा. इटलीची वाइन इकडे यायची, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने वाइन धोरण आणलं तेव्हा वाइन पार्कसाठी दोन जागा निवडल्या. एक नाशिककडचं विंचूर आणि दुसरं? पलूस. जेवढा गाजावाजा झाला तेवढी वाइन काही वाहिली नाही ही गोष्ट वेगळी. मामाच्या मते द्राक्षाचा बेदाणाच बरा, ‘‘चढत न्हाई आन् सडत न्हाई.’’

आपल्या छोट्या गावांबद्दल आपल्याला एक न्यूनगंड असतो. जग तिकडे कुठेतरी घडतं, आपण फक्त टीव्हीवर बघतो. पुण्यात कुणी ‘कुठची गं तू?’ विचारलं की आम्ही पटकन ‘सांगली साइड’ म्हणून मोकळे होतो. पलूस म्हटलं की समजावत बसावं लागतं ना! मी आता समजावते. म्हणते, पंचगंगेकाठी पोसायडन निघाला ना, त्याच्या अलीकडे तास-दोन तासांवर.

चेक आउट

पोत्सुओली : नेपल्सहून लोकल ट्रेनने सहज जाता येतं. मेट्रोची लाइन २ आणि कुमाना लाइन दोन्ही जातात. मंडईचे खांब रस्त्यावरूनही दिसतात. फ्लावियन अँफिथिएटर बघाच, इटलीतल्या सर्वात मोठ्यांपैकी एक. आखाडा जमिनीखालच्या दालनांसकट शाबूत आहे. रिओने तेर्रावरचं कॅथेड्रल रोमन देवळाच्या पोटातच बांधलेलं. १९६४ च्या आगीत वरचं आवरण गेलं आणि आतले रोमन खांब उघडे पडले. २०१४ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. गंधकाच्या वाफा सोडणारी सोल्फातारा मात्र २०१७ मधल्या दुर्घटनेनंतर पर्यटकांसाठी बंद झाली. निघण्याआधी भूकंपाच्या बातम्या बघून घ्या. आणि हो, सोफिया लॉरेन याच गावात लहानाची मोठी झाली. वासाचं सोडा, पाण्यात काहीतरी असणारच!

कोल्हापूर : टाउन हॉलमधलं म्युझियम, ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथेच. सोमवार सोडून जा, सरकारी म्युझियम्स सहसा त्या दिवशी बंद असतात. व्हिसा लागत नाही, नंतर मिसळ मिळते.

पलूस : द्राक्षांच्या दिवसांत या, फेब्रुवारी-मार्च. कुठल्याही नदीकाठच्या गावात जुन्या भिंतींवर पाण्याच्या रेघा शोधा. कुणी कोळशाने, कुणी रंगाने मारलेल्या. शेजारी साल लिहिलेलं असतं. त्या घरातल्या माणसाला विचारा, चहा मिळेल आणि गोष्टही. लायलला तीन खांबांवरून जे कळलं ते तुम्हाला एका भिंतीवरून कळेल.